पिवळ्याने उसातून काय आणलं

निमगाव सावा ते आळेफाटा या टापूत शिकारी कुत्रा शास्त्रशुद्ध पद्धतीनं तयार करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. आळेफाट्याला माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. माणूस फॅनबेल्ट घ्यायला यायचा आणि लॅब्राडोरच्या जबड्याविषयी माहिती घेऊन जायचा. काहीजण फॅनबेल्ट विसरूनच जायचे.

कुत्रा मला दिला कर्नल रणदिव्यांनी. कर्नलसाहेब रिटायर होऊन घोडेगावच्या पुढं, धरणाच्या पाण्याकाठी शेती घेऊन राहिलेले. लॅब्राडोर पाळायचे आणि दर हिवाळ्यात त्यांची परीक्षा घ्यायचे. शिकार बंद होऊन जमाना झाला, तेव्हा बंदूक नाही की पक्षी नाही. कॅनव्हासचं एक गाठोडं, ज्याला ते डमी म्हणत, गवतात नाहीतर पाण्यात फेकायचं. सांगेपर्यंत कुत्र्यानं जागचं हलायचं नाही. शिट्टीच्या दोन आखूड फुंका मारल्या की जायचं, डमी अलगद उचलायची आणि दाताचा ओरखडाही न उमटवता मालकाच्या हातात द्यायची. एक लांब फुंक मारली की असेल तिथून परत यायचं. एवढंच!

पिल्लू देताना त्यांनी पैसे घेतले नाहीत, अट घातली.

"अमृत, वर्षभरात हा काम शिकला तर तुझा. नाही शिकला तर मी परत नेणार. हा कामाचा कुत्रा आहे, दारात लोळायला देत नाहीये."

"साहेब, सहा महिन्यांत तयार करतो!" मी म्हणालो. माझं तोंड हे असंच आहे. ते माझ्या आधी बोलतं.

कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं आणि सगळं इंग्रजीत होतं. माझ्या आईनं, म्हणजे बयाबाईनं, त्याला एकदा पुढून आणि एकदा मागून बघितलं. "पिवळा हाय की," ती म्हणाली, आणि बारसं उरकलं.

पुढचे कित्येक महिने मी रोज संध्याकाळी शिट्टी गळ्यात अडकवून पिवळ्याला शेतात नेत होतो. मी डमी फेकायचो. पिवळ्या ती कुठं पडली ते नीट बघायचा. मी दोन आखूड फुंका मारायचो. पिवळ्या माझ्याकडं बघायचा. मी पुन्हा फुंकायचो. तो खाली बसायचा, मग आडवा व्हायचा. शेवटी अंधार पडायच्या भीतीनं मीच जाऊन डमी घेऊन यायचो. भीती अंधाराची नव्हे, बिबट्यांची. ते साल दोन हजार तीन. आमच्याकडच्या उसात तेव्हा बिबट्यांनी बिऱ्हाडच थाटलं होतं, आणि कुत्रं हा त्यांचा आवडता खाऊ. माळावरच्या वस्तीवरची दोन कुत्री साखळीसकट गेली होती.

आई ओट्यावर शेंगा फोडत हा सगळा प्रकार बघायची. एक दिवस म्हणाली, "बरं शिकवलंय रं."

"अजून कुठं, आई? जातच नाही तो."

"त्याचं न्हाई म्हणत मी. त्यानं तुला बरं शिकवलंय. टाकलं की पळत जाऊन आणतोस."

हर्षाली, माझी बायको, हसली नाही. तिचा जीव पिवळ्यावर जडला होता. पहिली भाकरी त्याची, दुसरी माझी, असा घरचा क्रम होता. त्यात एक दिवस कर्नलसाहेबांचा दुकानात फोन आला. "काय म्हणतोय आपला जवान?"

खरं सांगून मुदत मागायची एवढंच मला करायचं होतं. पण तोंड! "एकदम फर्स्ट क्लास, साहेब! शनिवारी येऊन बघाच!"

"येतो. काम दिसलं तर कुत्रा कायमचा तुझा. नाही दिसलं तर जीपमध्ये घालून नेतो."

घरी सांगितल्यावर हर्षालीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि माझ्याकडं बघितलं. "पिवळ्या गेला तर तुमी बी त्याच जीपमधी बसा," ती म्हणाली. रात्री डोळा लागला की जीप दिसायची, मागं पिवळ्या बसलेला आणि शेजारी मी.

शनिवार उजाडला. आमच्या उसाला तोड लागली होती आणि शेवटचा एक पट्टा तेवढा उभा होता. दुपारी तोडवाले भाकरी खायला चिंचेखाली गेले, तेव्हा म्हटलं, शेवटची तालीम करून घेऊ. जिवाच्या आकांतानं डमी भिरकावली. ती नेमकी उभ्या उसात जाऊन पडली. मी दोन फुंका मारल्या आणि आता आपणच उसात शिरायचं म्हणून विजार वर करू लागलो.

पिवळ्या उठला! नाक वर केलं, कान टवकारले, आणि बाणासारखा उसात घुसला!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? पाचट सळसळलं. पिवळ्या बाहेर आला. मान वर, चाल डौलदार. तोंडात पिवळसर काहीतरी होतं. मी दोन्ही हात पुढं केले. माझ्यासमोर बसून त्यानं ते अलगद माझ्या ओंजळीत ठेवलं.

ते गरम होतं. त्याला ठिपके होते. त्यानं माझ्याकडं बघून "फिस्स" केलं!

बिबट्याचं पिल्लू! मांजराच्या पिल्लाएवढं, नुकते डोळे उघडलेलं. आणि पिल्लू इथं, म्हणजे त्याची आई? मी उसाकडं पाठ न करता, पिल्लू छातीशी धरून, उलटा चालत घरापर्यंत आलो. वाटेत दोनदा पडलो.

"अगं, डालगं आण!" मी ओरडलो. हर्षालीनं कोंबड्यांचं डालगं आणलं, पिल्लू बघितलं आणि डालग्यासकट मटकन खाली बसली.

"हितं कशापायी आणलं?" तिला रडू फुटलं. "त्याची आई माग काढत येईल! आन् आधी पिवळ्यालाच उचलील!"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी वनखात्याच्या चौकीवर फोन लावला. तिथला गार्ड सावळेराम, आंबेगावच्या डोंगराकडचा माणूस, सगळं ऐकून म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं वाघोबाला नमस्कार करत्यात. घरी न्हाईत आणत! मी निघालोच. दिवस बुडायच्या आत पोर व्हतं तिथंच ठेवाया पायजे. कुणी हात लावू नका!"

फोन ठेवून वळतो तर आईनं पिल्लू मांडीवर घेतलेलं!

"आई! हात लावायचा नाही!"

"गप रं. लेकरू पयल्यांदा घरी आलं, त्याला रिकामं कसं धाडायचं?" आमच्याकडं तान्हं मूल प्रथम घरी आलं की त्याच्या टाळूला तेल घालतात आणि सोबत काहीतरी खायला बांधून देतात. आईनं तेलाऐवजी साजूक तूप घेतलं होतं. पिल्लाची टाळू, पाठ, शेपटी, सगळं चोपडून झालं होतं. शिदोरी म्हणून तूप लावलेली भाकरी फडक्यात बांधणं चालू होतं. पिवळ्या समोर बसून त्या तुपाकडं एकटक बघत होता. मी एवढा घाबरलेलो, की त्याच्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

इतक्यात दारात जीप थांबली.

मी पिल्लू डालग्याखाली सरकवलं. आता साहेबांना कळलं, की पिवळ्यानं न सांगितलेलं जनावर उचलून आणलंय, तर गेलाच कुत्रा! हर्षालीनं चहा ठेवला. कर्नलसाहेब पडवीत खाटेवर बसले. पिवळ्या त्यांच्याकडं गेलाच नाही. तो डालग्यासमोर ठाण मांडून बसला होता.

आतून "फिस्स" आलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"मांजर, साहेब!"

"खर्रर्र!" डालगं म्हणालं.

"सर्दी झालीय त्याला," हर्षाली म्हणाली. तिच्या हातातली कपबशी टाळ वाजवत होती.

तेवढ्यात सावळेरामची मोटारसायकल आली आणि तो गाडीवरूनच ओरडला, "भाऊ, बिबट्याचं पोर कुठंय?"

संपलं! मी सगळं ओकलो. साहेबांनी डालगं उचललं, खाली वाकले, पिल्लाला निरखलं. मग पिवळ्याला निरखलं. मग मला. "चला," एवढंच म्हणाले.

टोमॅटोच्या क्रेटमध्ये पाचट घालून पिल्लू ठेवलं. आईनं कुणाचं लक्ष नाही बघून शिदोरीही आत सरकवली. पिवळ्याला घरात कोंडलं, तर तो असा रडायला लागला, की शिवार दणाणलं. सावळेराम म्हणाला, "ह्या आवाजानं ती जवळ सुदिक यायची न्हाई. घ्या त्याला संगं." हर्षालीनं आईला घरात घेऊन दाराला कडी लावली. तोडवाल्यांना सावळेरामनं आधीच घरी पिटाळलं होतं. आम्ही क्रेट उसाच्या कडेला ठेवला आणि जीप बांधावर लांब उभी केली. पुढं साहेब आणि सावळेराम. मागं मी, आणि माझ्या गुडघ्यांत पिवळ्या. जीपला टप होता, पण तो कापडाचा!

"शिट्टी तोंडात धर," साहेब कुजबुजले. "कुत्रा सुटलाच तर लांब फुंक मारून परत बोलाव."

मी शिट्टी तोंडात धरली. सूर्य डोंगराला टेकला. ऊस काळा दिसायला लागला. कुठंतरी पाचट करकरलं. माझे दात वाजायला लागले, आणि दातांत शिट्टी होती.

"फुर्र! फुर्र!"

दोन आखूड फुंका! दुपारचा अपवाद सोडला तर वर्षभर ज्या शिट्टीला पिवळ्यानं भीक घातली नव्हती, ती त्यानं आता ऐकली! माझ्या गुडघ्यांवरून उडी मारून तो निघाला. मी लांब फुंक मारायला गेलो, तर भीतीनं दमच पुरेना. "फुर्र! फुर्र! फुर्र!" पिवळ्यानं वेग वाढवला. क्रेटमध्ये तोंड घातलं, पिल्लू उचललं, मान वर करून डौलात परत आला. जीपमध्ये चढला, तुपानं माखलेलं ते लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि जिभल्या चाटल्या.

"शाब्बास!" साहेब म्हणाले.

"आवो, शाब्बास काय, साहेब!" सावळेराम रडवेला झाला. "आता तिकडं परत कोण जाणार?"

दोघांनीही माझ्याकडं बघितलं. पिवळ्यानंही. साहेबांनी माझ्या तोंडातली शिट्टी काढून घेतली.

मी गेलो. कसा, ते विचारू नका. पिल्लू क्रेटमध्ये ठेवलं, आणि हातभर अंतरावर उसात कुणीतरी श्वास सोडला. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं, की मी जीपच्या दारातून न येता टपातून आत आलो. साहेबांनी टपाला ठिगळ लावलंय, ते अजून आहे.

आणि ती आली. आवाज नाही, घाई नाही. ऊस बाजूला झाला आणि ती उभी होती. आमच्याकडं तिनं एकदाच बघितलं. मी पिवळ्याच्या पट्ट्यात दोन्ही हात अडकवले, डोळे मिटले. आता हा भुंकणार, आता धावणार, आता माझ्या पिवळ्याचं सगळं संपणार! त्याला परत नेलं तरी चालेल, पण जिवंत राहू दे, असं मी मनातल्या मनात म्हणालो. खरंच म्हणालो.

पिवळ्या हलला नाही. थरथरत होता, पण बसून राहिला. तिनं पिल्लू मानेला धरून अलगद उचललं आणि उसात शिरली.

मग सावळेरामनं घाम पुसला. "दाताचा वरखडा बी न्हाई, बघा. हिला कुणी शिकवलं असंल?"

आम्ही घरी आलो. हर्षालीनं दार उघडलं आणि पिवळ्याच्या गळ्यात पडली. मी बाजूला उभा राहिलो. आईनं पहिला प्रश्न विचारला, "तिनं भाकरी नेली का?"

"साहेब," हर्षाली डोळे पुसत म्हणाली, "न्हेणार का वो ह्याला?"

"नेणार कशाला? शिट्टीवर गेला, जिवंत जनावर न दुखवता दोनदा मालकाच्या हातात दिलं, आणि बसायची वेळ आली तेव्हा बसला. माझ्या परीक्षेत याहून अवघड काही नसतं. कुत्रा पास."

मी छाती फुगवली. उद्या दुकानात काय काय सांगायचं, ते सगळं डोळ्यांपुढं आलं!

"शिकवणारा मात्र नापास," साहेब पुढं म्हणाले, आणि शिट्टी त्यांनी माझ्या आईच्या हातात दिली. "बाई, ही तुमच्याकडं असू द्या. याच्या तोंडात नको."

तेव्हापासून शिट्टी आईच्या गळ्यात, काळ्या पोतीशेजारी असते. ओट्यावर बसल्या बसल्या ती दोन आखूड फुंका मारते. पिवळ्या डोळा उघडतो, माझ्याकडं बघतो आणि पुन्हा झोपतो.

मी उठतो, आत जातो, आणि तिची पानसुपारीची चंची आणून तिच्या हातात देतो.