काष्ठाश्वाच्या मापाचे खोगीर

श्रीगजाननास नमन, कुळस्वामिनीस नमन, आणि ज्याचे पाठीवर बसोन राज्ये चालतात त्या मुक्या जनावरास विशेष नमन. शके सोळाशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र मास. संवत्सराचे नाव वाचोनच शहाण्याने काय ते समजावे. एक राज्य होते. त्याचे नाव लिहोन त्यास मोठे करण्याची आमची इच्छा नाही. त्या राज्याचे पागेत तीनशे घोडे होते, आणि त्यांत साळुंकी नामे नऊ वर्षांची घोडी होती, आणि तिची निगा सुभानजी मोतद्दार राखीत असत. शिंगरू असता आई मेली, तेव्हा सुभानजींनीच तिला हाताने दूध पाजिले होते. नित्य पहाटे उठावे, खरारा करावा, खूर उचलोन खडे काढावे, भिजल्या हरभऱ्याचा तोबरा तोंडास बांधावा, आणि मग पाठीवर हात फिरवोन कोठे सूज आहे काय, कोठे गरम लागते काय ते पाहावे, ऐसा नेम. खोगीर निवडणे तो तर सोहळाच. खोगीर ठेवावे, मानेखालचे उंचवट्यावर तीन बोटे मोकळी जातात की नाही पाहावे, पोटाखालोन तंगाचा पट्टा आवळावा, दहा पावले चालवावे, आणि घोडीने कान मागे टाकिले की उतरवोन दुसरे मागवावे. बायको म्हणे, माझे लुगडे घेताना इतका वेळ कधी लाविला नाहीत. सुभानजी म्हणत, लुगडे टोचले तर तू सारी आळी डोक्यावर घेशील, तिने कोणास सांगावे.

ऐसे बरे चालिले असता जिनखान्याचा, म्हणजे खोगिरांचे कोठाराचा, कारभार अंताजीपंतांकडे आला. पंत विद्वान, पंत टापटिपीचे, आणि पंत जन्मात घोड्यावर बसले नव्हते. तीनशे घोड्यांस तीनशे तऱ्हेची खोगिरे हा गोंधळ होय, एका राज्यास एकच खोगीर असावे, ऐसे त्यांचे मनाने घेतले. मग खोगीर पसंत करावयास दरबार भरला. परंतु दरबारात गालिचा, आणि गालिच्यावर जनावर आणू नये ऐसा जुना रिवाज. म्हणोन सुताराकडोन सागवानी घोडा करविला, आणि त्यावर मखमली खोगीर चढविले, आणि सरदारांनी पुढोन पाहिले, मागोन पाहिले, आणि एकाने जरीचे गोंडे वाढविले, आणि दुसऱ्याने रुपेरी फुले वाढविली, आणि खोगीर उचलता माणूस वाके ऐसे जड जाहले. खोगीर शिवणारे नागोजी जिनगर हात जोडोन म्हणाले की लाकडाची पाठ सपाट, जित्या घोड्याची तशी नसते. पंतांनी उत्तर केले की काष्ठाश्वाची काही तक्रार नाही. मग महाराजांनी शिक्का केला. इतक्या मोठ्या दरबारात एकासही घोडा आठवू नये, यास काय म्हणावे?

तेच खोगीर साऱ्या पागेस लागू जाहले, आणि वैशाखात ते घासोन साळुंकीची पाठ लागली. आधी केस गेले, मग कातडे गेले, मग माशा बसू लागल्या. सुभानजींनी हळद-तूप भरिले आणि तीन वेळा पंतांकडे गेले. तिसरे वेळी पंत म्हणाले की खरारा नीट होत नसेल. हा शब्द सुभानजींस कोरड्याच्या फटक्याहून अधिक झोंबला. वर हुकूम सुटला की पाठ लागले घोडे दागी, म्हणजे निकामी, मानोन रानात हाकोन द्यावे. त्या रानात वाघ होते, आणि वाघ कोणाचे माप विचारीत नसत. यादीत पहिले नाव साळुंकीचे होते.

मग सुभानजींचे माथे फिरले. भर दरबारात, जोड्यांसकट, घोडीसकट ते गालिच्यावर चढले. चोपदार आडवे आले, परंतु जखम पाहोन बाजूस जाहले. सुभानजींनी खोगीर उतरविले आणि म्हणाले, "महाराज, आपण खोगीर लाकडावर पाहिलेत. आता ते जिथे बसते ती जागा पाहा. हात लावू नका, दुखते तिला."

महाराजांनी जखम पाहिली, आणि मग पंतांकडे पाहिले. पंत शांतपणे म्हणाले, "खोगीर तंतोतंत आहे, महाराज. घोडीची पाठ चार बोटे चुकली आहे."

दरबाराने माना डोलाविल्या. शिक्का जाहले खोगीर मागे घ्यावे तर राज्याची अब्रू जाते, म्हणोन निवाडा जाहला की घोडी दागी, मोतद्दार उर्मट, दोघांनी आजच वेस सोडावी आणि गालिचा धुवावा. सुभानजींनी ते खोगीर दरबारात उभ्या काष्ठाश्वाचे पाठीवर आदळिले, आणि घोडीचे मोहरकीची दोरी धरोन पायी चालते जाहले. सरदार हसले. हसू द्यावे, त्यांची पाठ कोठे लागली होती.

पुढे आषाढ गेला, भाद्रपद गेला, आणि एकेक करोन तीनशेही घोडे दागी ठरले. दसऱ्यास सीमोल्लंघनाची स्वारी निघाली तो पागेत शेण काढावयासही काही उरले नव्हते. मग काष्ठाश्वास गाड्यावर चढविले, गाड्यास बैल जुंपिले, आणि महाराज त्यावर आरूढ जाहले. पंत चवरी ढाळीत बाजूस चालत होते. ऐन शिवेवर गाड्याचा कणा मोडला. मुहूर्त टळत चालिला, आणि शीव तर घोड्यावरोनच ओलांडावी ऐसा कुळाचार. पलीकडे सुभानजी साळुंकीस चारीत उभे होते. जखम भरली होती, आणि तेथे पांढरे केस आले होते.

महाराज लाकडावरोन म्हणाले, "सुभानजी, शीव ओलांडण्यापुरती घोडी द्या."

सुभानजींनी तिचे पाठीवर हात ठेविला आणि मुजरा न करिता म्हणाले, "दिली असती, महाराज. पण तिची पाठ चार बोटे चुकली आहे."

आणि तोबरा खांद्यावर टाकोन, घोडीस घेवोन निघोन गेले. महाराज त्या दिवशी शीव न ओलांडिता परतले.

ऐसे हे वर्तमान जाहले तैसे लिहिले. खोगीर अद्याप जिनखान्यात आहे, आणि मखमल नव्यासारखी आहे. साळुंकी पुढे अकरा वर्षे जगली. लिहिणारास राग आला म्हणोन लेखणी हाती धरिली होती. लिहोन संपले, राग आहे तेथेच आहे.