गिटारीचं स्थळ

साताऱ्यात गिटार दुकानातून विकत मिळत नाही. ती आपल्या वडीलधाऱ्यांबरोबर मुलगा बघायला येते आणि पसंत पडला तरच त्याच्या घरी राहते.

मकरंद शिंगटेला अजून एकीनंही पसंत केलं नव्हतं. एक म्हणाली, बोटं आखूड आहेत. दुसरीला मुलगा जरा जास्तच सज्जन वाटला, आणि रॉक वाजवायचं तर तो मोठाच दोष. तिशी उलटली तरी बिचारा हवेतच बोटं फिरवत होता. त्यात वाईच्या एका पेटीचं स्थळ सांगून आलं. घरंदाज पेटी, भजनात वाढलेली, आवाज मर्यादेत. मकरंदच्या वडिलांना, आप्पांना, ती मनापासून आवडली.

"रविवारची गिटार शेवटची," त्यांनी बजावलं. "ती नाही म्हणाली, की पेटीला होकार कळवायचा."

पेटी वाईट नव्हती हो. पण तिच्याबरोबर जन्म काढायचा म्हटलं की मकरंदला रडू यायचं.

रविवारी लाल इलेक्ट्रिक गिटार आली. सोबत तिचे मामा होते. काळे, चौकोनी आणि साधं बोलले तरी कपबशा हादरवणारे ॲम्प्लिफायर. आईनं पोहे पुढे केले. मामांनी पथ्य आहे असं सांगून बशी बाजूला सारली आणि थेट कामाला लागले.

"केस खरे आहेत?"

"अगदी खरे," आई म्हणाली. "लहानपणापासून दाट आहेत."

"जरा मान झटकून दाखवा."

मकरंदनं झटकून दाखवली. मामांनी सतरंजीवर वाकून बघितलं. एकही केस पडला नव्हता. मग आईनंच सुचवलं, दोघांना थोडं एकटं बोलू द्यावं.

गॅलरीत मकरंदनं तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. बोलायला तिनंच सुरुवात केली.

"आधी माझं कराडला जमलं होतं. माणसं चांगली होती. भिंतीवर टांगून ठेवायची, पाहुणे आले की दाखवायची." तिनं मकरंदकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे मला वाजू द्याल ना?"

मकरंदला ती एकदम फार आवडली. "रोज," तो म्हणाला. "पण खरं सांगतो, मला अजून नीट येत नाही."

"माझीही सवय मोडली आहे," गिटार म्हणाली.

दोघं आत आली. गिटारीनं मामांना हळूच काहीतरी सांगितलं.

"मुलीला पसंत आहे," मामा म्हणाले. "फक्त एक. आवाज कमी करा, असं या घरात कुणी म्हणणार असेल तर आत्ताच सांगा. आम्ही उठतो."

सगळे आप्पांकडे बघू लागले. आप्पांची उभी हयात वाचनालयात, 'शांतता राखा' या पाटीखाली गेली होती. सवयीनं त्यांचं बोट ओठांकडे निघालं. वाटेत त्यांना मुलाचा चेहरा दिसला. इतका आशेनं बघणारा मकरंद त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी बोट खाली घेतलं आणि त्याच बोटानं मामांचं बटण चाचपलं.

"हे कुठवर फिरतं?"

"दहापर्यंत."

"मग आज पाचावर ठेवू या," आप्पा म्हणाले. "सवय होईतो."

पेटीला पुढे फलटणचा एक शांत मुलगा मिळाला. तिचं बरं चाललं आहे. मकरंद आणि गिटार यांनी कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत कार्यक्रम केले, पडले, सावरले, नाव काढलं. प्रत्येक कार्यक्रमाला आप्पा पहिल्या रांगेत बसत आणि गाणं संपलं की मंचावरच्या मामांना हाक मारून सांगत, "अजून थोडा वाढवा."