हात मोकळा?

मिक्सर लावायच्या आधी कांबळेमामा "हात?" अशी हाक मारतात आणि "मोकळा!" असं उत्तर आल्याशिवाय बटण दाबत नाहीत.

"अवो, घरात मी एकटी, ती बी तुमच्या म्होरं उभी हाय," मामी रोज वैतागतात.

"उभी हायस ते दिसतंय. हात कुठं हाय ते बोल."

मामा वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. आमच्या गटात व्हायोला वाजवतात. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, आवाजाने जाडसर. आम्ही नऊ जण, सगळी तंतुवाद्यं. समोर उभं राहून काडी हलवणारा माणूस आमच्याकडे नाही. एकमेकांकडे बघायचं, कुणीतरी नाकाने श्वास घेतो, त्या श्वासावर सगळ्यांनी सुटायचं. वाजवतो ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, तेही अगदी नवं, नाहीतर कुणी फारसं वाजवत नाही असं जुनं. मागच्या कार्यक्रमात वीस मिनिटं वाजवून झाल्यावर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, वाद्यं जुळली असतील तर सुरू करा की आता."

माझं राजारामपुरीत औषधाचं दुकान आहे. घाबरलेली माणसं मी दिवसभर बघते, गोळी देते, पुढचं गिऱ्हाईक घेते. पण मामांची भीती साथीच्या रोगासारखी पसरते. तालमीत प्रत्येक सुरुवातीआधी ते हजेरी घेतात. "शेखसर, हात?" "मोकळा!" "ताई, हात?" "मोकळा!" पहिल्यांदा आम्ही हसायचो. आता शटर ओढताना मीही "हात?" म्हणते. दुकानात एकटीच असते, तरी उत्तर आलं नाही की छातीत धस्स होतं.

यंदा आजऱ्याच्या एका गणिताच्या शिक्षिकेने आमच्यासाठी नवी रचना लिहिली. तिच्यात मधोमध सगळी वाद्यं थांबतात. किती वेळ, ते तिने लिहिलेलंच नाही. एवढंच लिहिलंय की ही शांतता व्हायोलाने मोडायची आणि त्याच क्षणी बाकीच्यांनी पूर्ण जोराने यायचं, खुल्या तारांवर, म्हणजे डाव्या हाताचं बोट कुठेही न टेकवता.

कागद वाचून मामांना घाम फुटला. "आन हजेरी?"

"कार्यक्रमात ओरडता येणार नाही, मामा," शेखसर म्हणाले. पहिलं व्हायोलिन त्यांचं.

"मग चालू कसं करू?"

आणि खरंच करीनात. गज तारेवर, डोळे आमच्यावर. एकदा तर शांतता इतकी लांबली की आम्ही तालमीला जमतो त्या शाळेचा शिपाई तालीम संपली समजून खुर्च्या गोळा करायला लागला. कार्यक्रम आठवड्यावर आला. दुसरा कुणी व्हायोलावाला मिळतो का, अशी कुजबुज सुरू झाली. ती मामांनी ऐकली.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. "मामा, व्हायोला आहे तो. चुकलं तर कुणी मरत नाही."

"तवा बी कोण मेलं न्हाय," ते बशीकडे बघत म्हणाले.

मग सांगितलं. त्यांचा जोडीदार दत्तू पोलवर होता. मामा खाली, स्विचपाशी. साहेबांचा फोन आला, काम झालंय, चालू कर. "केलं चालू. वर बघून त्याला इचारलं न्हाय." दत्तू वाचला, पण उजवा हात गेला.

"म्हणून तर तुमच्यात आलो, ताई. हितं म्होरं कोण सायेब न्हाय. ज्याचा हात हाय त्यालाच इचारायचं."

"दत्तू कुठे असतो आता?"

"कागलला. दर आयतवारी जातो मी. त्याची नखं कापाय. एकाच हाताची नखं त्याच हातानं कापता येत न्हाईत की."

"चहा गार होतोय," मी म्हणाले.

कार्यक्रमात ती शांतता आली. कुणीतरी खोकलं. कुणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि ओशाळून थांबलं. मामांचा चेहरा पांढराफटक. गज तारेवर टेकलेला, हलत नाही. आता हे उठून निघून जाणार, असं मला स्वच्छ दिसत होतं. मामांचे डोळे शेखसरांवर गेले, थांबले, पुढच्यावर गेले, मग माझ्यावर आले.

ठरवलेलं काही नव्हतं. मी माझं व्हायोलिन हनुवटीखाली घट्ट दाबलं, डावा हात काढला आणि पंजा पसरून त्यांच्यासमोर धरला. शेखसरांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपलाही धरला. मग एकेक करत आठही जणांनी. लोकांना वाटलं, रचनेतच असेल.

मामांनी पंजे मोजले. अजिबात घाई केली नाही. तरी गज हलेना. ते आमच्या पलीकडे, समोर बघत होते. तिथे तिसऱ्या रांगेत एक माणूस बसला होता. शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. त्याने डावा हात डोक्याच्याही वर धरला होता, पाचही बोटं पसरून.

मामांनी श्वास घेतला.