दूरवाली आंटी

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुमुदताई मात्र उकळता चहासुद्धा फुंकून पीत नसत. चंदीगडच्या जानेवारीत, सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत असताना, त्या समोर कप ठेवून शांत बसायच्या आणि त्याला आपला आपण निवू द्यायच्या. एकदा न राहवून मी म्हणालो, "ताई, एक फुंकर घाला की."

मी कुणाच्या खिशात हात घालायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फुंकर नको, साळुंखेजी. सवय लागते. इथं फुंकाल, तर तिथंही फुंकाल."

'तिथं' म्हणजे त्यांची प्रयोगशाळा. डॉ. कुमुद पाठक मूळच्या नागपूरच्या. दोन वर्षांसाठी म्हणून इकडे आल्या आणि इथेच राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. मी बँकेत, बदली होऊन साताऱ्याहून इथे आलेला. गच्च्यांवरून केबलच्या तारा नुकत्याच लोंबू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. परमुलखात तेवढ्यावर नातं जमतं. आमचं जरा उशिरा जमलं, त्याला कारण ताईंचं सोवळं.

सोवळ्याकडे वळण्याआधी त्यांचं धुळीशी असलेलं वैर सांगायला हवं. त्यांच्या घरात झाडू नव्हता. कामवाली कमला आमच्याकडे झाडू मारायची आणि वर जाऊन ओलं फडकं फिरवायची. तिला आमच्या घरात झाडताना पाहिलं की ताईंचा जीव कासावीस व्हायचा. "अगं, झाडू काऊन मारून राहिली? एका जागची धूळ उठते न दुसऱ्या जागी जाऊन बसते. याला झाडणं नाही म्हणत बाप्पा, बदली म्हणतात." बँकेत नोकरी केल्यामुळे मला हे लगेच पटलं.

दिवाळीत माझी बायको सुनंदा लाडवांसाठी बेसन चाळायला बसली, तर ताई स्वयंपाकघराच्या दारातून सूचना देत होत्या. खाली ओलं फडकं अंथर, चाळणी आपटू नको, नाकाला पदर लाव. लाडू चांगले झाले, पण बेसनाचं आपण ऑपरेशन केलं असं सुनंदाला वाटत राहिलं. ताईंच्या स्वतःच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी असायची, आत काय आहे आणि कधी उघडलं त्याची. समोरच्या सेठीबाई म्हणायच्या, "डॉक्टर साहिब ने तां चीनी दा वी पासपोर्ट बणाया होया है जी." म्हणजे साखरेचासुद्धा.

आता सोवळं. संध्याकाळी ताई कामावरून आल्या की जिन्यात कुणाला धक्का लागू नये म्हणून भिंतीला चिकटून वर चढायच्या. चपला दाराबाहेर. तशाच थेट न्हाणीघरात, आणि अंगावरचे कपडे वेगळ्या बादलीत. पोरं पायात आली की हात वर करून उभ्या राहायच्या. सुनंदाने हे सगळं पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. "पीएच.डी. केली म्हणून काय झालं? सोवळं काही सुटलं नाही."

मी म्हटलं, "अगं, आपल्याकडचा चहा पितात की."

"चहा चालतो. माणूस चालत नाही."

आमच्या मुक्ताच्या बारशाला हे सिद्धच झालं. ताई रेशमी साडी नेसून आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी पाळणा म्हटला, एकही कडवं न गाळता, स्वच्छ आवाजात. पंजाबी बायकांना शब्द कळत नव्हते, तरी त्या ओढणीने डोळे पुसत होत्या. पाळणा संपल्यावर सुनंदाने मोठ्या कौतुकाने मुक्ताला त्यांच्यापुढे धरलं, तर बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको. मी इथूनच बघते."

पाहुणे गेल्यावर सुनंदा भांडी आपटत म्हणाली, "साळुंख्यांचं पोर आहे ना. कशाला हात लावतील?" मलाही ते लागलं. दोन-तीन वर्षं आमच्यात 'कशा आहात, बरं आहे' एवढंच चाललं.

मग एकदा नागपूरहून ताईंच्या भावाचा फोन आमच्याकडे आला. भाचीचं लग्न ठरलं होतं. निरोप द्यायला मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. आतून त्यांनी हातानेच थांबा म्हणून खूण केली, म्हणून दाराच्या काचेतून पाहत राहिलो. तोंडाला जाड मास्क, हातात मोजे. समोर काचेचं कपाट, त्यातली हवा वरच्या वर ओढून घेणारं. कपाटात एक बरणी, बरणीत हळदीसारखी पिवळी पूड. झोपलेल्या पोराच्या तोंडात औषध घालावं तशी चिमूटभर पूड त्यांनी चमच्याने तराजूवर ठेवली. बरणी बंद केली. ओल्या कागदाने सगळं पुसलं, तो कागद झाकणाच्या डब्यात टाकला, मोजे उलटे करून काढले, कोट तिथेच खुंटीला लावला आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग बाहेर आल्या.

भाचीच्या लग्नाची बातमी ऐकून खूश झाल्या. मी विचारलं, "एवढं काय आहे त्या पुडीत?"

"शिशाचं ऑक्साइड आहे. याच्या आम्ही चकत्या भाजतो. त्या दाबल्या की वीज देतात. कामाची आहे हो, पण कपटी. वास नाही, दिसायला हळद. नाकातून जाते, हातावरून तोंडात जाते, न हाडांत जाऊन बसते. मोठ्यांनाही सोडत नाही. लेकरांना तर फारच वाईट. डोकं वाढायचं असतं न त्यांचं."

हात पुसत त्या म्हणाल्या, "माझ्यासोबत एक जण होता, पहिल्या नोकरीत. कोट धुवायला घरी न्यायचा. बायको धुवायची, लेकरू कडेवर. ते लेकरू फार उशिरा बोलायला लागलं. यानेच झालं का, कोणी सांगू शकलं नाही. मलाही नाही सांगता आलं. पूड काही उडून येत नाही, साळुंखेजी. आपल्या अंगावर बसते न आपल्यासोबत घरी येते."

मला बारशातले ते पाठीमागे नेलेले हात आठवले. बाईंचं सोवळं होतंच, पण ते उलटं होतं. विटाळ त्या स्वतःचा पाळत होत्या.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं, तर ती रडली आणि मग शिरा घेऊन वर गेली. "ताई, आंघोळ करता ना? मग घ्या की तिला."

"दोनदा करते. पण पक्कं कोण सांगणार?"

दरवर्षी त्यांचं रक्त तपासायचे आणि रिपोर्ट स्वच्छ यायचा. मी म्हणायचो, झालं तर मग. त्या म्हणायच्या, "हा रक्ताचा झाला. माझ्या केसांचा न पदराचा रिपोर्ट कुठं असतो?" शहाण्या बाईची भीती शहाणपणाच्या पुढे गेली होती, हे मला दिसत होतं. बहुधा त्यांनाही.

तेव्हापासून आमच्या दाराजवळ त्यांची एक खुर्ची कायमची झाली. मुक्ता आत दिवाणावर, ताई दारात. अशा दोघी ल्यूडो खेळायच्या. ताई तिथून आकडा विचारून चाल सांगायच्या आणि त्यांची सोंगटी मुक्ता हलवायची, म्हणजे उघड उघड लबाडी करायची. ताई वर्षानुवर्षं हरत आल्या. ताई मराठीत बोलायच्या, ही हिंदीत उत्तर द्यायची. एकदा मैत्रिणीला तिने त्यांची ओळख करून दिली, "ये मेरी दूरवाली आंटी हैं." ताई खूप हसल्या. त्या रात्री त्या जायला निघाल्या आणि मी दार लावलं, पण जिन्यात चपलांचा आवाज काही येईना. बऱ्याच वेळाने आला.

ताईंची निवृत्ती जवळ आली तशा सेठीबाई मागे लागल्या, शहराबाहेर झिरकपूरला फ्लॅट घेऊन टाका, भाव चढतायत. नागपूरला भाऊ त्याच्या संसारात होता. ताई आम्हाला म्हणाल्या, "झिरकपूरला मी कोणापासून दूर बसू?" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

मेअखेरीस त्या निवृत्त झाल्या. बरणी सील करून दुसऱ्याच्या ताब्यात दिली, कोट तिथेच सोडला. संध्याकाळी आमच्याकडे आल्या त्या दुकानातून तशीच आणलेली सुती साडी नेसून. चपलाही नव्या होत्या. केस धुतलेले, अजून ओले. येऊन आपल्या दाराजवळच्या खुर्चीतच बसल्या. सुनंदाने चहा दिला. तो निवत राहिला.

तेवढ्यात आंधी आली. आभाळ पिवळं झालं, खिडक्या आपटल्या, आणि खालून मुक्ता डोळा चोळत धावत आली. "मम्मी, आँख में कुछ चला गया."

"चोळू नको," ताई म्हणाल्या. "आधी पाणी."

सुनंदाने डोळा धुतला, पुन्हा धुतला. तरी पोरीच्या डोळ्यातलं पाणी थांबेना. ताई खुर्चीतून उठल्या, मोरीत जाऊन हात धुतले आणि पहिल्यांदाच आमच्या दिवाणावर येऊन बसल्या. सुनंदाकडे पाहून म्हणाल्या, "घेऊ का हिला?"

 सुनंदाने मुक्ताला त्यांच्यापुढे केलं.

मुक्ता तोपर्यंत चांगली उंच झाली होती. ताईंच्या मांडीवर बसली तरी तिचे पाय जमिनीला टेकत होते. ताईंनी एका हाताने तिला पोटाशी धरलं, दुसऱ्या हाताने पापणी हलकेच उघडली आणि डोळ्यात फुंकर घातली.

मुक्ताने डोळे मिचकावले. "निकल गया, आंटी."

"थांब," ताई म्हणाल्या, "अजून एखादा कण असेल." आणि त्यांनी पुन्हा फुंकर घातली.

मुक्ताला ते काही पटलं नसावं. पण ती उठली नाही.