निम्म्या पानावरचं मत

घर आवरताना मी एकच गोष्ट मुद्दाम आवरली नाही, आणि तिथेच सगळं बिघडलं. ती गोष्ट म्हणजे टीपॉयवरची कादंबरी.

सन अठ्ठ्याण्णवचा मार्च. गंगापूर रोडच्या आमच्या घरी ज्योत्स्नाला बघायला सातपूरची मंडळी येणार होती. मुलगा अमित, कारखान्यात सुपरवायझर असलेले त्याचे वडील आणि आई छायाताई. स्थळ आणणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "मुलाच्या आईला वाचनाचं भारी वेड. तिचा होकार म्हणजे घराचा होकार."

मी जुनी मॅट्रिक. (एकदा नव्हे, दोनदा बसून झालेली.) पण भिकनरावांच्या लायब्ररीची पंधरा वर्षांची मेंबर. तेव्हा आमचंही घर वाचणारं आहे हे दिसावं म्हणून चालू कादंबरी टीपॉयवरच राहू दिली. आमच्या ह्यांनी तिच्यावर चष्माही आणून ठेवला. म्हणे, आणखी खरं वाटेल. (चष्मा त्यांचा होता आणि लांबचं बघायचा होता. पण इतकं कोण बघतं?)

मंडळी आली. छायाताईंची नजर मुलीच्या आधी पुस्तकावर गेली.

"ही वाचताय वाटतं?"

"हो, सध्या हीच चालू आहे."

"कशी आहे?"

शहाणी बाई इथे "बरी आहे" म्हणून पाणी आणायला गेली असती. मी बसले. दोनशे ऐंशी पानांतली एकशे चाळीस वाचून झाली होती आणि मन अगदी काठोकाठ भरलं होतं.

"अहो, काय सांगू! त्यातल्या सासूबाई आहेत ना, माई, त्यांच्यासाठी वाचा. सुनेला तळहाताच्या फोडासारखं जपतात. तिच्या आधी उठून बंब पेटवतात, तिला आवडतं म्हणून स्वतःला न चालणारं कारलं करतात." एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. "आणि खरं सांगू? तुम्ही दारात चपला काढल्यात ना, तेव्हाच मला वाटलं, ह्या तर आमच्या माई!"

छायाताई चक्क लाजल्या. त्यांचे यजमान म्हणाले, "बघा, लोकांना दारातच कळतं. आम्हाला सत्तावीस वर्षं झाली, अजून अंदाज नाही."

सगळे हसले. मी साबुदाणा वडे तळायला आत गेले. बाहेर आले तर कादंबरी छायाताईंच्या मांडीवर.

"चार दिवस नेऊ का?"

"न्या की! सावकाश वाचा. आणि वाचताना माईंच्या जागी स्वतःला ठेवून वाचा."

निघताना त्या म्हणाल्या, "कळवतो."

मुलीच्या आईला विचारा, 'कळवतो' म्हणजे काय असतं ते. जिना उतरणाऱ्या पाहुण्यांच्या पाठींवरून ती होकार-नकार वाचत बसते. त्यात संध्याकाळी भाजी निवडता निवडता ज्योत्स्ना खाली मान घालून म्हणाली, "आई, मला आवडलाय गं तो." आधीची सहा स्थळं तिने नाक मुरडून घालवली होती. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

शनिवारी लायब्ररीत गेले. ही लायब्ररी म्हणजे भिकनरावांचं गॅरेज. आत गाडीऐवजी पुस्तकं. ते म्हणाले, "ती कादंबरी आणली का, वहिनी? मागणी आहे."

"होणाऱ्या विहीणबाईंना दिलीये वाचायला. त्यातल्या माई आणि त्या अगदी सारख्या आहेत, म्हटलं वाचा."

भिकनरावांनी चिकटवत असलेलं पुस्तक खाली ठेवलं. "तुम्ही पुरी वाचली?"

"निम्मी झाली."

"निम्म्यानंतर माई सुनेला विहिरीत ढकलतात, वहिनी."

"कोणत्या माई?"

"एकच आहेत त्यात."

मी स्टुलावर बसले. ते स्टूल वरची पुस्तकं काढायचं होतं, त्याला एक पाय आखूड होता, पण मला तेव्हा कशाचाच तोल उरला नव्हता.

"मरत नाही हो सून," भिकनरावांनी धीर दिला. "पोहता येत असतं तिला. पण आधी माई तिचे दागिने पळवतात, तिला वेडी ठरवतात. आपल्या मेंबरांनी तिथून पुढे पानोपानी पेन्सिलीनं शिव्या लिहून ठेवल्यात. एकीनं तर 'हिला पटकी होवो' असं लिहिलंय. मी खोडणार होतो, पण खाली आणखी चौघींनी 'सहमत' लिहिलंय."

आणि मी त्या बाईंना सांगितलं होतं, माईंच्या जागी स्वतःला ठेवून वाचा!

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अर्ध्या शिजलेल्या भाताचं कोणी कौतुक करतं का? जा, घेऊन ये ते पुस्तक. पान एकशे चाळीसच्या आत."

पुढच्या बसनं सातपूर गाठलं. वाटभर मनात एकच हिशेब, पुस्तक नेऊन तीन दिवस झाले, दिवसाला चाळीस पानं वाचली तर वाचलो, पन्नास वाचली तर बुडालो.

दार छायाताईंनीच उघडलं. "अगंबाई, तुम्ही! या, या." मागे त्यांचे यजमान पेपर वाचत होते. कादंबरी खिडकीत होती, मधे बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. खूण नेमकी निम्म्यावर.

"सहज आले," मी म्हटलं. (बसायला जागा न मिळालेल्या बसमधून, भर उन्हात, सहज.) "लायब्ररीवाले पुस्तक मागताहेत."

"निम्मीच राहिलीये. रात्रीत संपवून उद्या पोचवते."

"नको! म्हणजे पुढे फार कंटाळवाणी आहे हो."

"तुम्ही तर म्हणालात, जरूर वाचा."

"पुढचं मीच सांगते ना! तुमचे डोळे तरी वाचतील." आणि मी सुरू केलं. आयुष्यात निबंधाला दहापैकी चारच्या वर मार्क पडले नाहीत, पण त्या दिवशी देवी सरस्वती जिभेवर बसली. माई आपल्या पाटल्या सुनेच्या हातात घालतात. सून आजारी पडते, माई उशाशी बसून राहतात. शेवटी माई घराच्या किल्ल्या सुनेला देऊन काशीला जातात, अख्खा गाव वेशीपर्यंत रडत जातो. सांगता सांगता मलाच भरून आलं.

छायाताईंनी शांतपणे विचारलं, "आणि विहिरीचं काय झालं?"

"कसली विहीर?"

"जिच्यात माई सुनेला ढकलते, ती."

मला त्या क्षणी ती विहीर हवी होती. जवळ असती तर मी स्वतःच गेले असते.

"मला शेवटचं पान आधी वाचायची सवय आहे," छायाताई म्हणाल्या. "तुमच्याकडेच वाचलं. तुम्ही वडे तळत होतात तेव्हा."

"मग... तुम्हाला सगळं माहीत होतं? आणि रागावला नाहीत?"

"रागावते कशाला? शेवटच्या पानावर सुनेची आई आहे. सगळ्या गावाला माईचे विहिरीपर्यंतचे उद्योग ठाऊक, तिला एकटीला पत्ता नाही. लाडवांचा डबा घेऊन येते आणि माईच्याच गळ्यात पडून रडते. वाचल्याबरोबर मला तुम्ही दिसलात. जिन्यातच मी ह्यांना म्हटलं, स्थळ पक्कं करायचं. इतकी निर्मळ विहीण पुन्हा मिळायची नाही. उद्या तेच कळवायला येणार होतो."

ज्योत्स्नाचं लग्न ठरलं होतं! बाकीचं काही माझ्या कानात शिरलंच नाही. मी उठले, छायाताईंच्या गळ्यात पडले आणि हुंदके देत म्हणाले, "छायाताई, गेल्या जन्मी काहीतरी पुण्य केलं असेल, म्हणून लेकीला तुमच्यासारखी सासू मिळाली हो!"

मागे पानं उलटल्याचा आवाज आला. यजमानांनी कादंबरी हातात घेऊन शेवटचं पान काढलं होतं. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी सुनेच्या आईच्या वाक्यावर बोट फिरवलं.

"अगं, शब्द न् शब्द तोच आहे," ते म्हणाले. "फक्त ह्यांनी लाडू आणले नाहीत."