तोरीचा खोकला आणि दोकसूरावांची बस

"एक कुत्री सांभाळायची, त्यात काय एवढं? देगूच्या रस्त्यांवर जन्मभर बस चालवली मी!" प्योन दोकसूराव बायकोची बॅग दाराशी ठेवत म्हणाले.

मलसुनबाई लेकीच्या बाळंतपणाला बुसानला निघाल्या होत्या. निघताना सगळे मुके तोरीला! नवऱ्याच्या वाट्याला दम आला. "अहो, माझ्या तोरीला काही झालं, तर मी परत यायची नाही! सांगून ठेवते!"

दुसऱ्याच दिवशी फिरायला गेल्यावर तोरी खोकली. खक्! खक्! दोकसूरावांच्या काळजात धस्स झालं.

घरी येऊन त्यांनी तिच्या छातीला कान लावला. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस! "फिल्टर चोंदलाय," त्यांनी निदान केलं आणि खोकल्यावरचा घरगुती उपाय म्हणून मध घालून नाशपाती वाफवली. तोरीनं वाटीसुद्धा चाटली, आणि संध्याकाळी फिरताना पुन्हा खक्! खक्!

मग मात्र त्यांचा धीर सुटला. कुत्र्यांना बाबागाडीतून फिरवणाऱ्यांची ते आजवर टिंगल करत. आता मलसुनबाईंनी घेऊन ठेवलेली तसलीच गाडी ढकलत दवाखान्यात धावले.

"या, तोरीचे बाबा!" डॉक्टर सन हसून म्हणाल्या. दोकसूरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

तोरी टेबलावर शेपूट हलवत बसली. खोकायचं नावच नाही!

"खोक गं बाई! रस्त्यात कशी छान खोकत होतीस!"

"कोरडा खोकला की ओला? करून दाखवता?"

दोकसूराव खाली ओणवे झाले. "खक्! खक्!"

"असा? की बदक ओरडल्यासारखा?"

"नाही हो, जरा खोल... खर्र्र खक्! थांबा, मान अशी लांब करून... खक्क्!"

बाहेर नंबर लावून बसलेल्या बाईनं आपलं मांजर छातीशी धरलं आणि घाईघाईनं मास्क चढवला.

तपासणीत छाती, हृदय, सगळं ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "फिरायला कसं नेता?"

"अगदी वेळेवर! ही प्रत्येक खांबापाशी थांबायला बघते. मधे थांबा नाही म्हणजे नाही! अशी ओढून पुढे काढतो."

"गळ्यातल्या पट्ट्याला धरून?"

"मग काय... अरे देवा!"

"तोरीचे बाबा, ती बस नाहीये हो! छातीवरून येणारा पट्टा घ्या. ओढाताण झाली, घाईत पाणी प्यायली, तर एखाद्या वेळी खोकेल. घाबरू नका. पण खोकला थांबेचना, खाणं सोडलं, लवकर थकायला लागली, तर घेऊन या. धाप लागली, हिरड्या निळसर दिसल्या, तर तशाच धावत या. आणि पुढच्या वेळी खोकला मोबाईलवर टिपून आणा. तुम्ही खोकू नका!"

दोकसूरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझंच चुकलं गं," म्हणत त्यांनी तोरीला पोटाशी धरलं. नवा पट्टा घेतला. वाटेत तोरी म्हणेल तिथे बस थांबली. चाकं, खांब, कचऱ्याचे डबे, सगळीकडे.

घरात पाऊल टाकतात तोच फोन वाजला. दवाखान्यात खोकून खोकून घशाची पार वाट लागलेली! बोलायला तोंड उघडलं तर, "खक्! खर्र्र खक्क्!"

"अगं बाई! तोरी खोकतेय!" मलसुनबाई किंचाळल्या. "अहो, बघत काय बसलात? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या! मी निघाले! बाळ राहू दे बाळाच्या जागी!"

"अगं, तोरी नाही... खक्!... मी खोकतोय! मी!"

"तुम्ही होय!" मलसुनबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "केवढी घाबरले मी! द्या बरं तोरीला फोन."