तोंडी काही ऐकायचं नाही!

"मला इथून काढणारा अजून जन्माला यायचाय!" किल्लेदाराने जेवता जेवता जाहीर केलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि गुपचूप पुढचा घास घेतला. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती. हा माणूस मोठ्याने बोलायला लागला, की आतून टरकलेला असतो.

किल्लेदार म्हणजे कोणी सरदार-बिरदार नव्हे हं! नाक्यावर कुलुपं दुरुस्त करायचं दुकान, कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून सगळी गल्ली त्याला किल्लेदार म्हणायची. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तो भाड्याने राहायचा, वर मालक आणि मालकीणबाई. बायकोला त्याने लग्न करून आणलं ते याच दारातून. हे घर गेलं असतं तर त्याला दुसरीकडे झोपही लागली नसती, पण ते कबूल करील तर तो किल्लेदार कसला!

झालं होतं असं. सकाळी मालक जिना उतरून आले, शेवटच्या पायरीवर दम खायला थांबले आणि म्हणाले, "किल्लेदार, तुम्हाला ही जागा सोडावी लागणार बघा..." पुढचं ते श्वास घेऊन बोलणार होते. पण हा थांबतोय कशाला! स्वारी तडक मेहुण्याकडे.

मेहुणा कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करायचा. टाइप करून करून तो अर्धा वकील झाला होता, आणि अर्धा वकील अख्ख्या वकिलापेक्षा जास्त बोलतो.

"भाऊजी, घाबरायचं नाही! भाडं वेळेवर देता ना? मग रीतसर लेखी नोटीस हवी, कोर्टाचा हुकूम हवा. पाणी तोडता येत नाही, वीज तोडता येत नाही, सामान रस्त्यावर टाकता येत नाही. तुम्ही फक्त ताबा सोडू नका. आणि तोंडी काही ऐकायचं नाही! नुसती मान हलली तरी म्हणतील, कबूल केलं."

झालं! माकडाच्या हाती कोलीत! दुसऱ्या दिवशी मालक बिचारे पुन्हा जिना उतरले. "किल्लेदार, कालचं राहिलंच की..."

"लेखी द्या!" किल्लेदाराने दोन्ही कानांत बोटं घातली.

"अहो, घरातल्या माणसाला कसलं लिहून द्यायचं? नुसतं ऐका तरी..."

"लेखी!"

संध्याकाळी मालकीणबाई आल्या, तर हा मोठमोठ्याने गाणं म्हणायला लागला. त्याचा आवाज असा, की समोरच्या इस्त्रीवाल्याने दुकान अर्धा तास आधी बंद केलं. बायको वर जाऊन सगळं ऐकून आली आणि म्हणाली, "अहो, मालक काय म्हणतात माहितीये का?"

"तूसुद्धा तोंडीच सांगतेयस!" किल्लेदार ओरडला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

मग ताब्याची तयारी. किल्लेदाराने दाराला स्वतःच्या हाताने नवं कुलूप बसवलं. दार ओढलं की आपोआप लागायचं, आतून-बाहेरून दोन्हीकडून चावी लागायची. शिवाय खास युक्ती! चावी चुकून उलटी फिरली, की आत एक खटका पडायचा आणि मग ते खऱ्या चावीलाही दाद द्यायचं नाही. "ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही," असं त्याने इस्त्रीवाल्याला सांगून ठेवलं.

पण बायको काही कोर्टात वाढली नव्हती. तो दुकानात गेल्यावर तिने मालक आणि मालकीणबाईंना चहाला बोलावलं. किल्लेदार दुपारी घरी येतो तर काय! मालक खोलीच्या मधोमध, हातात मापाची टेप, मालकीणबाई पलंग कुठे मावेल ते दाखवताहेत!

"ताबा घेतला! अगं, बाहेर ये आधी!" तो दारातूनच असा किंचाळला, की बायको हातातली बशी घेऊन तशीच धावत बाहेर आली. तिच्यामागे वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्लेदाराने उघडायला घाईघाईत चावी घातली आणि फिरवली.

उलटी!

आत खटका पडल्याचा आवाज बायकोलासुद्धा ऐकू आला.

ब्रह्मदेव काही आला नाही, त्यामुळे किल्लेदारालाच दुकानातून ड्रिल आणावं लागलं. हाताने फिरवायचं जुनं ड्रिल, एका हाताने दाबायचं, दुसऱ्याने फिरवायचं. मालक आतून खिडकीचे गज धरून शेजारीच उभे. आता कानांत बोटं घालणार कुठून!

"ऐका आता," मालक म्हणाले. "आमचे गुडघे गेले. जिना होत नाही. आम्ही खाली येतो, तुम्ही वर या. वरच्या तीन खोल्या तुमच्या, भाडं आहे तेच. एवढंच सांगायचं होतं हो!"

ड्रिल थांबलं. 

"आणि तुम्हाला वाटलं तरी कसं, आम्ही तुम्हाला घालवू?" मालकीणबाई मागून म्हणाल्या. "ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा पाठुंगळीला मारून दवाखान्यात कोणी नेलं? तुम्ही गेलात तर आम्ही कोणाच्या जिवावर राहायचं?"

"चुकलं माझं, काकू," किल्लेदार म्हणाला आणि डोळे बाहीला पुसले. बायकोनेही पदर डोळ्यांना लावला.

कुलूप मात्र संध्याकाळपर्यंत हललं नाही. शेवटी किल्लेदार मान खाली घालून म्हणाला, "मालक, उद्या दारच कापावं लागेल."

मालकांनी त्याच्याच आरामखुर्चीत पाय पसरले. "सावकाश कापा! जिना चढायचा नाही, ह्यातच आम्ही खूश आहोत. आमचं वर सगळं उघडंच आहे, खुशाल झोपा जाऊन."

बायकोने गजांमधून एकेक पोळी आणि वाटी आत सरकवली, आणि दोघं वर निघाली. अर्ध्या जिन्यावर किल्लेदाराला धाप लागली. तो कठडा धरून पायरीवर बसला, बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

"अगं, आपलेही गुडघे एक दिवस जातील. मग गं?"

"मग काय! खालच्यांना सांगू, आता तुम्ही वर जा."

किल्लेदाराने खालच्या बंद दाराकडे बघितलं. "आणि त्यांनी ऐकूनच घेतलं नाही तर?"